बालकांचा कायदा आणि तो राबविणारी माणसे

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक इशारा देऊन ठेवला आहे. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारी माणसे वाईट निघाली तर तेही वाईटच ठरेल, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. दरवर्षी संविधानदिनी आपण हे ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि दिल्ली-मुंबईतील राज्यकर्त्यांकडे बोट दाखवून मोकळे होतो. आमच्या मते हा निकष मंत्रालयापाशी थांबत नाही. तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यातील अंमलदाराला लागू होतो, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीतील सदस्याला लागू होतो, निरीक्षणगृहात रात्रपाळी करणाऱ्या काळजीवाहकाला लागू होतो, आणि वसतिगृहाच्या अधीक्षकालाही लागू होतो.

निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी बाल न्याय आणि बाल संरक्षण हा विषय आम्ही जाणीवपूर्वक निवडला आहे. दहा-अकरा वर्षांचे मूल ट्रंकेसह आपल्या दारात सोडून पालक एस.टी.ने गावी परत जातात, तेव्हा ते आपल्यावर केवढा विश्वास टाकतात हे येथे राबलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसऱ्याचे मूल सांभाळणे हे प्रेमाचे काम आहे हे खरेच. परंतु ते शिकून घ्यावे लागणारे कामही आहे, हे आपल्याकडे अजून पुरेसे मान्य झालेले नाही. प्रस्तुत लेखाचा हाच मुद्दा आहे.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्ही प्रथम थोडे मागे जातो. आपल्या देशात मुलांविषयीचे कायदे इंग्रजी अमलात सुरू झाले. १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, मुंबईत १८५७ साली निघालेली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा, पुढे १८७६ व १८९७ चे सुधारशाळा कायदे हे त्यातील सुरुवातीचे टप्पे होत. त्याच काळात महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. सरकारी सुधारशाळेत मुलाला शिस्त लावण्याचा विचार होता. फुले दांपत्याच्या घरात मुलाला आणि त्याच्या असहाय मातेला कोणताही ठपका न ठेवता जगू देण्याचा विचार होता. बाल संरक्षणाचा आपला वारसा सांगायचा झाल्यास तो या घरापासून सांगितला पाहिजे.

परंतु याच कालखंडात आणखी एक कायदा झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा ठरविला. १८९७ च्या दुरुस्तीने त्या जमातींतील चार ते अठरा वयाची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यासही लागू झाला आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड पिढ्या वाढल्या. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. परंतु ब्रिटिश मुलखातील कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द होईपर्यंत टिकला. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे या देशातील पोलीस यंत्रणा एक गोष्ट शिकत होती : अमुक वस्तीतील, अमुक आडनावाचे पोर दिसले की संशय घ्यावा.

या मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. आपल्या पोलिसांना मुलांविषयी प्रशिक्षण नव्हते असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः प्रशिक्षण होते, आणि ते अत्यंत परिणामकारक होते. फक्त ते उलट्या दिशेचे होते. ऐंशी वर्षांत अंगवळणी पडलेली नजर एका दिवसाच्या कार्यशाळेने, चहा-बिस्किटांनी आणि प्रमाणपत्राने बदलेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

दुसऱ्या बाजूने शहाणपणाची परंपराही वाढत होती, हे नमूद केले पाहिजे. १९२४ साली मुंबई बालक अधिनियम झाला. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. १९३६ साली मुंबईतच सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. समाजसेवेसाठी केवळ दयाळू अंतःकरण पुरत नाही, त्याचे शास्त्र शिकावे लागते, हा विचार या भूमीत रुजून जवळजवळ नव्वद वर्षे झाली आहेत. याच संस्थेच्या परिसरातून १९९६ साली १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी सुरू झाली आणि पुढे ती देशभर पोहोचली.

१९९२ मध्ये भारताने बालहक्क संहिता स्वीकारली. बाल न्यायाचा पहिला केंद्रीय कायदा १९८६ चा, दुसरा २००० चा आणि सध्याचा २०१५ चा. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. हा कायदा मुलांचे दोन वर्ग करतो. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते विधिसंघर्षग्रस्त बालक, आणि अनाथ, बेवारस, छळ झालेले, रस्त्यावर राहणारे किंवा मजुरीला जुंपलेले ते काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक. पहिल्याचा विचार बाल न्याय मंडळाने करायचा, दुसऱ्याचा बाल कल्याण समितीने. मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते, समितीत अध्यक्ष व चार सदस्य. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी, प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक. मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवायचे नाही, चोवीस तासांत मंडळासमोर किंवा समितीसमोर हजर करायचे, त्याचे नाव व छायाचित्र प्रसिद्ध करायचे नाही. मंडळाच्या सर्व सदस्यांना, दंडाधिकाऱ्यांसह, नियुक्तीपासून साठ दिवसांच्या आत प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कायद्याने राज्य शासनावर टाकली आहे. कागदावरील ही रचना आम्हांस उत्तम वाटते. प्रश्न ती हाताळणाऱ्या माणसांचा आहे.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे; परंतु मराठवाड्यातील कोणत्याही शिक्षकाला ते ओळखीचे वाटेल. बीड जिल्ह्यातील चौदा वर्षांचा मुलगा दुसऱ्याचा मोबाईल घेऊन पळताना रेल्वे स्थानकावर सापडला. कायद्यानुसार परिविक्षा अधिकाऱ्याने त्याचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत मंडळाला सादर करायचा आहे. प्रशिक्षण नसलेला अधिकारी मुलाला समोर बसवून छापील नमुना भरतो : शाळाबाह्य, वाईट संगत, आईवडिलांचे लक्ष नाही. यातील एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही अहवाल खोटा आहे. शिकलेला अधिकारी विचारतो की लक्ष का नाही. मग कळते की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर गेले आहेत. मुलगा म्हाताऱ्या आजीजवळ राहिला. आजी आजारी पडली. हंगामी वसतिगृहात नाव नोंदविण्यासाठी कोणी सोबत आले नाही. आता अहवालात मुलाच्या स्वभावाबरोबर उचल, स्थलांतर आणि वसतिगृहही येते. मंडळापुढे शिक्षेऐवजी उपाय दिसू लागतो : मुलाला हंगामी वसतिगृहात किंवा आपल्यासारख्या निवासी शाळेत प्रवेश, आजीला औषधोपचार, आईवडिलांशी संपर्क.

हे दोन्ही अधिकारी तितकेच सज्जन असू शकतात. फरक प्रशिक्षणाचा आहे. मुलाशी कसे बोलावे, तो गप्प राहिला तर त्या मौनाचा अर्थ काय, गृहभेट कशी करावी, वस्तीतील कोणाला विचारावे, जात आणि दारिद्र्य यांचे परिणाम मुलाच्या ‘वर्तनात’ कसे उतरतात, आणि हे सर्व ठपका न ठेवणाऱ्या भाषेत कसे लिहावे, ही शिकण्याची विद्या आहे. ठपका ठेवणारे शब्द टाळावेत हे तर २०१५ च्या कायद्याच्या मूलभूत तत्त्वांतच नमूद आहे. ज्यांच्या पूर्वजांना एका शब्दाने पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना शब्दाचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही.

पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघाताचा उल्लेख या संदर्भात अपरिहार्य आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. रविवार असल्याने मंडळाची बैठक नव्हती. एका सदस्यासमोर मुलाला हजर करण्यात आले आणि त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यासारख्या अटींवर जामीन मिळाला. सारा देश संतापला. तीन दिवसांत त्या मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदेशीर ठरवून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. पुढे राज्य शासनाने मंडळाच्या दोन अशासकीय सदस्यांच्या नियुक्त्या रद्द केल्या.

त्या काळात आमच्या परिचयातील अनेक पालकांचे म्हणणे होते की अल्पवयीनांचा हा कायदाच मोडीत काढावा. त्यांचा संताप आम्ही समजू शकतो, कारण रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप आणि पैशाचा खेळ सर्वांनी पाहिला होता. तरीही आम्ही त्या मागणीशी सहमत नाही. त्या प्रकरणात प्रथम घाई झाली ती सौम्यतेच्या बाजूने आणि नंतर घाई झाली ती लोकक्षोभाच्या बाजूने. कायद्याची स्वतःची संथ, अभ्यासपूर्ण वाट दोन्ही वेळा सुटली. कायदा मोडीत निघाला तर श्रीमंताच्या मुलासाठी नामांकित वकील उभे राहतीलच. तुरुंगात जाईल ते वीटभट्टीवरचे, पालावरचे, झोपडपट्टीतले मूल. म्हणून या कायद्याचे रक्षण करण्यात आपल्या समाजाचा स्वार्थ आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

गुन्ह्यांच्या वाढीचे चित्रही तपासून पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार अल्पवयीनांवर नोंदलेली प्रकरणे २०२१ मध्ये ३१,१७० होती, तर २०२२ मध्ये ३०,५५५. पकडलेल्या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक सोळा ते अठरा वयोगटातील होती. हे वय म्हणजे शाळा सुटण्याचे आणि हाताला काम नसण्याचे वय. नेमक्या याच वयासाठी २०१५ च्या कायद्याने एक कठीण तरतूद केली आहे. आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा असल्यास, मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि घटनेची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा काय हे ठरविले जाते. एका मुलाचे आयुष्य त्या चार-दोन पानांवर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ च्या निकालात असे सांगितले की मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे. न्यायालयाने हे सांगावे लागते, यावरूनच या कामातील कौशल्याची निकड स्पष्ट होते.

त्याआधी ९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने रिक्त पदे, अपुरे प्रशिक्षण आणि यंत्रणेची उदासीनता यांवर बोट ठेवले आणि उच्च न्यायालयांना या कायद्याच्या अंमलबजावणीवर स्वतःहून लक्ष ठेवण्यास सांगितले. ती याचिका २००५ साली दाखल झाली होती. तेरा वर्षांत त्या याचिकेच्या वेळी जन्मलेले मूल सातवी-आठवीत गेले असेल.

प्रशिक्षणाची साधने देशात नाहीत असे नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेचा ‘संवाद’ उपक्रम मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी कर्मचाऱ्यांना शिकवितो. टाटा संस्था आहे, पुण्याची यशदा आहे, न्यायाधीशांसाठी उत्तन येथे न्यायिक प्रबोधिनी आहे. अडचण वेगळीच आहे. प्रशिक्षण घेतलेल्या पोलीस अधिकाऱ्याची बदली होते आणि नवा माणूस पाटी कोरी घेऊन येतो. मुलांचे काम त्याच्याकडे बंदोबस्त, तपास आणि न्यायालयीन फेऱ्या सांभाळून अतिरिक्त म्हणून असते. समितीच्या सदस्याची मुदत तीन वर्षांची. काम हाताला येईपर्यंत ती संपत आलेली असते. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील अनेक कर्मचारी कंत्राटी आहेत आणि मानधनावर राबतात. ज्याला पुढच्या वर्षी आपली नोकरी राहील की नाही हे ठाऊक नाही, त्याने मुलाच्या पुनर्वसनाचा दीर्घकालीन आराखडा लिहावा, अशी आपण अपेक्षा करतो.

आता आधाराचा प्रश्न. प्रशिक्षणाइतकाच तो महत्त्वाचा आहे आणि त्याविषयी जवळजवळ कोणीच बोलत नाही. अत्याचार झालेल्या आठ वर्षांच्या मुलीची हकीकत ऐकून घेणारी समुपदेशक संध्याकाळी घरी जाते तेव्हा ती हकीकत तिच्यासोबत घरी जाते. असे महिनोन्महिने चालले की माणूस एक तर कोसळतो किंवा कोडगा होतो. निरीक्षणगृहातला काळजीवाहक मुलांवर हात उगारतो तेव्हा त्याला शासन झालेच पाहिजे. परंतु किती मुलांमागे तो एकटा आहे, सलग किती रात्री जागा आहे, आणि त्याला कधी कोणी ‘तुम्ही कसे आहात’ असे विचारले आहे काय, हेही तपासले पाहिजे. रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर वरिष्ठांना विचारतो. शाळेत नवा शिक्षक जुन्या शिक्षकाचा पाठ पाहतो. मुलांच्या क्षेत्रातील कर्मचाऱ्याला असा जाणता वरिष्ठ, महिन्यातून एकदा अवघड प्रकरणांची मोकळी चर्चा, आणि गरज पडल्यास स्वतःसाठी समुपदेशन मिळणे ही चैन नव्हे. करुणा हा मनाचा गुण आहे. पण थकलेल्या, एकाकी पडलेल्या माणसाजवळ ती फार काळ टिकत नाही. तिची निगा राखावी लागते.

हे सर्व शासनाला सांगून झाल्यावर आपल्या घराकडे वळणे भाग आहे. बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुकल्या मुलींवर त्यांच्याच शाळेत झालेल्या अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. गुन्हा नोंदविण्यातील दिरंगाईची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. अशा घटना दडपण्याची पहिली पायरी बहुतेक ठिकाणी एकच असते, ती म्हणजे ‘संस्थेची बदनामी होईल’ हे वाक्य. चळवळीतून उभ्या राहिलेल्या संस्थांमध्ये या वाक्याला आणखी धार येते, कारण विरोधक टपलेलेच असतात. आम्ही या युक्तिवादाला ठाम नकार देतो. मुलाच्या अश्रूंवर उभी राहिलेली कीर्ती आपल्या कामाची नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले ते मुलाला सुरक्षितपणे शिकता यावे म्हणून. संस्थेचे नाव हे त्यामागून आले.

शिवाय कायदाही स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असूनही न कळविणे हा गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. २०२० च्या नियमांनी मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि नियतकालिक प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध आहे. यात आचारी, पहारेकरी, वाहनचालक सर्व आले. मूल सर्वांत आधी मन मोकळे करते ते पुष्कळदा जेवण वाढणाऱ्या मावशीजवळ. त्या मावशींना ऐकावे कसे, घाबरू नये कसे, आणि कोणाला कळवावे हे ठाऊक असले पाहिजे.

म्हणून आमच्या पुढील सूचना आहेत. शासनाने बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला किमान तीन वर्षे त्याच कामावर ठेवावे आणि बदली होताना उत्तराधिकाऱ्याला काम समजावून देण्याची सक्ती करावी. परिविक्षा अधिकारी, समुपदेशक व काळजीवाहक यांची पदे कायम करावीत. प्रशिक्षण मराठीतून व्हावे. पारधी, भिल्ल, गोंड, बंजारा मुलांच्या भाषा जाणणाऱ्या दुभाषांची यादी प्रत्येक जिल्ह्यात असावी. आणि अभ्यासक्रमात कायद्याच्या कलमांबरोबर जात, भटकेपणा व स्थलांतर यांचा इतिहास असावा. प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी अहवालांचा दर्जा सुधारला काय हे कोणीतरी तपासावे. केवळ उपस्थितीपटावरील सह्या मोजू नयेत.

आपल्या शाळेच्या व्यवस्थापनास आमची विनंती आहे की पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी बाल संरक्षणाचे लेखी धोरण तयार करून ते दर्शनी भागात लावावे, त्यावर १०९८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा, आणि वर्षातून एकदा संस्थेबाहेरील जाणकाराकडून वसतिगृहाची पाहणी करून घ्यावी. पालकांनी प्रवेशाच्या वेळी हे धोरण मागून वाचावे. प्रश्न विचारणारे पालक संस्थेचे शत्रू नसतात.

आणि माजी विद्यार्थ्यांना विशेष आवाहन. बाल न्याय मंडळ व बाल कल्याण समिती येथील सदस्यत्वासाठी मुलांच्या शिक्षण, आरोग्य वा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव ग्राह्य धरला जातो. आपल्यातील कितीतरी शिक्षक, परिचारिका, वकील, समाजकार्याचे पदवीधर त्या पात्रतेत बसतात. वृत्तपत्रांत या पदांच्या जाहिराती येतात आणि आपल्या नजरेखालून निघून जातात, कारण त्यांत ना मोठा पगार आहे, ना मिरवणूक. बाबासाहेबांनी आपल्याला मोक्याच्या जागा काबीज करण्यास सांगितले, असे आपण अभिमानाने म्हणतो. जिल्ह्याच्या ठिकाणी एका साध्या खोलीत, लाकडी टेबलामागची ती खुर्ची ही आमच्या मते अशीच मोक्याची जागा आहे. तिच्यासमोर उभे राहणारे मूल बहुधा आपल्याच वस्तीतले असते. खुर्चीवर कोण बसले आहे आणि ते काय शिकून आले आहे, यावर ते मूल पुढे कोणत्या दाराने बाहेर पडेल हे ठरते. पुढची जाहिरात येईल तेव्हा अर्ज करा, आणि निवड झाल्यावर प्रशिक्षणाची मागणी पहिल्याच बैठकीत लेखी नोंदवा.